हार्ड डिस्कमधली अमानत



गेल्या काही महिन्यांपासून या सदराकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो आहे. कोणी लिहितात, "घरातल्या सगळ्या लग्नांचे फोटो एका हार्ड डिस्कमध्ये होते, ती आता उघडत नाही." कोणी लिहितात, "डिस्क हातातून पडली, तेव्हापासून टकटक आवाज करते." एका भगिनीचा प्रश्न तर मनाला लागणारा आहे. त्यांच्या मरहूम वालिदांची तिलावत मुलाने मोबाइलवर रेकॉर्ड केली होती. मोबाइल बदलताना ती कॉम्प्युटरवर घेतली आणि जुना मोबाइल विकून टाकला. आता कॉम्प्युटर सुरू होत नाही. दुकानदार म्हणतो, डिस्क गेली, नवीन टाका. भगिनी विचारतात, "डिस्क गेली म्हणजे नेमके काय गेले? अब्बांचा आवाज आत आहे की नाही?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आधी हार्ड डिस्क कशी लिहिते आणि कशी वाचते हे समजून घ्यावे लागेल. ते समजले की ती कशाने बिघडते हेही आपोआप कळते आणि घरातल्या आठवणी व कागदपत्रे कशी सांभाळायची याचा रस्ताही सापडतो.

पेटीच्या आत काय असते?

हार्ड डिस्क ही धातूची बंद पेटी आहे. यूएसबी वायरने जोडायची छोटी डिस्क तळहातावर मावते. टेबलावरच्या कॉम्प्युटरमधली थोडी मोठी असते. आत अॅल्युमिनियमच्या किंवा काचेच्या गुळगुळीत गोल तबकड्या एकाच आसावर बसवलेल्या असतात. या तबकड्यांवर कोबाल्टच्या मिश्रधातूचा अतिशय पातळ थर असतो. हा थर म्हणजेच आपली पाटी. जे काही लिहिले जाते ते याच्यावर.

डिस्क सुरू झाली की तबकड्या फिरू लागतात. छोट्या डिस्कमध्ये साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे, मोठ्या डिस्कमध्ये बहुधा ७,२०० फेरे. ७,२०० फेऱ्यांच्या मोठ्या तबकडीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. आपल्या जालन्यावरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. म्हणजे टेबलावरच्या त्या पेटीत कायम त्याहून जास्त वेग चालू असतो.

तबकडीच्या वर एक बारीक हात असतो आणि त्याच्या टोकाला लिहिणारा-वाचणारा भाग असतो. त्याला हेड म्हणतात. जुन्या लोकांना ग्रामोफोन आठवेल. तिथे सुई तबकडीला टेकायची. इथे हेड तबकडीला टेकत नाही. तबकडीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या उशीवर ते तरंगते. दोघांतले अंतर इतके कमी असते की माणसाच्या केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यातला एक भागही तिथे जेमतेम मावेल. धुळीचा साधा कण या फटीपुढे डोंगराएवढा ठरतो. म्हणूनच डिस्क अतिशय स्वच्छ खोलीत जोडतात आणि बंद करूनच कारखान्याबाहेर पाठवतात.

ही युक्ती नवी नाही. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन सुमारे एक टन होते आणि तिच्यात ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाइलने काढलेला एक चांगला फोटो तिच्यात मावला असता की नाही, शंकाच आहे.

अक्षर कसे लिहिले जाते?

तबकडीवरचा थर लाखो-कोटी सूक्ष्म जागांत विभागलेला असतो. प्रत्येक जागा म्हणजे एक इवलेसे चुंबक. हेडमधून वीज गेली की त्या जागेचे चुंबकत्व एका दिशेला वळते. विजेची दिशा उलटी केली की ते उलट दिशेला वळते. कॉम्प्युटरला दोनच चिन्हे कळतात, शून्य आणि एक. ती या दोन दिशांच्या बदलांतून लिहिली जातात. वाचताना हेड त्या जागांवरून जाते आणि दिशा कुठे बदलली ते ओळखते. इतके क्षीण चुंबकत्व ओळखणारी हेड बनू शकली ती आल्बेर फेर आणि पीटर ग्रूनबर्ग या दोन शास्त्रज्ञांनी १९८८ साली लावलेल्या शोधामुळे. त्यासाठी त्यांना २००७ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा आठ चिन्हांचा गट म्हणजे एक बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या युनिकोडच्या पद्धतीत उर्दूचे एक अक्षर दोन बाइट घेते आणि देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट. 'अमानत' हा शब्द उर्दूत लिहिला तर अलिफ, मीम, अलिफ, नून, ते अशी पाच अक्षरे, म्हणजे १० बाइट. तोच देवनागरीत लिहिला तर अ, म, काना, न, त अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. शब्द एकच, मतलबही एकच, पण जागा वेगळी.

एक टेराबाइटची डिस्क म्हणजे एकावर बारा शून्ये इतके बाइट. चार मेगाबाइटचा एक फोटो धरला तर अडीच लाख फोटो तिच्यात मावतात. पुष्कळ जण तक्रार करतात की एक टेराबाइटची डिस्क घेतली आणि कॉम्प्युटर ९३१ जीबीच दाखवतो, दुकानदाराने फसवले. इथे दुकानदाराचा काही दोष नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या पटीत. फरक मापाचा आहे, मालाचा नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. डिस्क प्रत्येक मजकुराबरोबर थोडी जादा खूणही लिहून ठेवते. एखादी जागा नीट वाचता आली नाही तर या खुणेवरून ती चूक स्वतःच दुरुस्त करते. एखादी जागा अगदीच खराब झाली तर तिच्याऐवजी राखून ठेवलेली जागा वापरते. म्हणजे डिस्क आपले म्हातारपण आपल्यापासून लपवत असते. ती वरवर ठणठणीत दिसते आणि एक दिवस अचानक बसते. ते बसणे अचानक नसते, आपल्याला कळते अचानक.

पुसले म्हणजे गेले का?

डिस्कमध्ये एक अनुक्रमणिका असते. कोणती फाइल कुठल्या जागी आहे हे तिच्यात नोंदलेले असते. आपण फाइल डिलीट करतो तेव्हा बहुतेक वेळा अनुक्रमणिकेतली नोंद तेवढी खोडली जाते. मजकूर तबकडीवर तसाच असतो. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तो तिथेच राहतो.

यातून दोन धडे मिळतात. चुकून काही डिलीट झाले तर त्या डिस्कवर नवीन काहीही टाकू नका, सिनेमा नको, गेम नको, सॉफ्टवेअरही नको. डिस्क बाजूला काढा आणि जाणकाराकडून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून शोध घ्या. फाइल परत मिळण्याची शक्यता पुष्कळ असते.

दुसरा धडा याहून गंभीर आहे. आपण जुना कॉम्प्युटर विकतो किंवा भंगारवाल्याला देतो, तेव्हा फोटो डिलीट केले म्हणून निर्धास्त होतो. पण घरातल्या माता-भगिनींचे फोटो, बँकेचे कागद, आधारच्या प्रती त्या डिस्कवर तशाच असतात. साधे सॉफ्टवेअर ते वर काढू शकते. घरची इज्जत आणि पडदा सांभाळायचा असेल तर डिस्क विकण्यापूर्वी तिच्यावर पूर्ण नवे लिहून घ्या, म्हणजे क्विक फॉरमॅट न करता पूर्ण फॉरमॅट करा. याहून सोपा उपाय म्हणजे डिस्क काढून घ्या आणि कॉम्प्युटर डिस्कशिवाय विका. दोन-तीनशे रुपये कमी येतील, डोक्याचा ताप मात्र कायमचा जाईल.

कशाने बिघडते?

धक्का. पुष्कळ डिस्क धक्क्याने जातात. चालू असताना डिस्क पडली तर तरंगणारे हेड फिरत्या तबकडीवर आपटते आणि थर खरवडला जातो. खरवडलेल्या थरावरचे चुंबकत्व कोणीही परत आणू शकत नाही. बंद डिस्कचे हेड बाजूला उभे असते, म्हणून ती थोडा धक्का सोसते. पण तीही टेबलावरून फरशीवर पडली तर खात्री नाही. चालू डिस्क गादीवर, मांडीवर, लॅपटॉपच्या कडेला लोंबकळत ठेवू नका. मुले वायरीत पाय अडकवतात आणि मग जे व्हायचे ते होते.

वीज. वीज अचानक गेली तरी आजची डिस्क फिरत्या तबकडीच्या उरलेल्या जोरावर हेड बाजूला नेते. त्यामुळे डिस्क सहसा तुटत नाही, पण जे लिहिणे चालू होते ते अर्धवट राहते आणि कधी अनुक्रमणिकाच बिघडते. पेन ड्राइव्ह किंवा डिस्क सेफली रिमूव्ह न करता ओढून काढली तरी हेच घडते. याहून वाईट म्हणजे वीज परत येतानाचा झटका. गावाकडे खांबावरची न्यूट्रलची तार तुटली की घरात २३० व्होल्टच्या कितीतरी वर दाब येतो. बल्ब फुटतात, पंखे जळतात आणि कॉम्प्युटरमधली डिस्कही जळू शकते. कॉम्प्युटरला यूपीएस लावा. आकाशात विजा चमकत असतील तर प्लग काढून ठेवा.

उष्णता आणि धूळ. जालन्याचा मे महिना सर्वांना ठाऊक आहे, पारा चाळिशीच्या वर. कॉम्प्युटरमधल्या बहुतेक डिस्क ६० अंशांपर्यंत चालतील अशा बनवलेल्या असतात. पण कापडाने झाकलेल्या, धुळीने पंखा भरलेल्या डब्यात खोलीपेक्षा बरीच जास्त उष्णता साठते. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत तर डिस्क कधीही ठेवू नका. कॉम्प्युटरचा पंखा दोन-तीन महिन्यांनी साफ करा आणि डबा भिंतीपासून हातभर पुढे ठेवा.

पाणी. पेटीला हवेसाठी छोटे छिद्र असते. पुरात बुडालेल्या डिस्कमध्ये त्यातून पाणी आणि चिखल जाऊ शकतो. भिजलेली डिस्क चालू करून पाहणे ही सर्वांत मोठी चूक. तशीच ओलसर पिशवीत गुंडाळून जाणकाराकडे न्यावी. ती वाळली की चिखल तबकडीला चिकटून बसतो.

चुंबक. याबद्दल भीती जास्त आणि धोका कमी. फ्रिजवर चिकटवायचे चुंबक, मोबाइलच्या कव्हरचे चुंबक किंवा साधा स्पीकर यांनी हार्ड डिस्क पुसली जात नाही. खरे तर तिच्या आतच, हेडचा हात हलवण्यासाठी, दोन चांगले ताकदवान चुंबक असतात. हां, आपल्या जालन्याच्या एमआयडीसीत पोलादाच्या भट्ट्यांसाठी भंगार उचलणारे क्रेनचे विद्युतचुंबक असते, तशा ताकदीजवळ डिस्क नेऊन पाहायची गरज नाही.

व्हायरस. काही व्हायरस सगळ्या फायलींना कुलूप लावतात आणि किल्लीसाठी पैसे मागतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या अशा व्हायरसने जगभरच्या कॉम्प्युटरना घेरले आणि इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांचे काम अडले. कॉम्प्युटरला डिस्क जोडलेली असेल तर असा व्हायरस तिलाही कुलूप लावतो. म्हणून बॅकअपची डिस्क काम झाले की काढून ठेवायची.

वय. वरचे काहीही झाले नाही तरी डिस्क म्हातारी होतेच. तिच्यात फिरणारे भाग आहेत आणि जे फिरते ते झिजते. अमेरिकेतली बॅकब्लेझ ही कंपनी लाखो डिस्क वापरते आणि त्यांचा हिशेब जाहीर करते. तिच्या २०२४ च्या हिशेबानुसार वर्षभरात शंभरातल्या सुमारे दीड डिस्क बिघडल्या. त्याही थंड खोलीत, अखंड विजेवर, माणसाच्या देखरेखीखाली ठेवलेल्या. आपल्या घरातल्या डिस्कचे नशीब यापेक्षा चांगले असण्याचे कारण नाही.

टकटक ऐकू आली तर

डिस्क संथ झाली, फाइल उघडताना कॉम्प्युटर अडकू लागला, ठराविक अंतराने टकटक आवाज येऊ लागला किंवा स्क्रीनवर डिस्कबद्दल सूचना आली, तर ती शेवटची हाक समजा. गुगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कपेक्षा ३९ पट जास्त आढळली. म्हणून डिस्क नुसती संथ असेल तर आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे घ्या, बाकीचे नंतर. टकटक वाजत असेल तर ताबडतोब बंद करा. प्रत्येक वेळी चालू करून पाहण्यात थर आणखी खरवडला जाण्याचा धोका असतो.

घरगुती उपाय करू नका. डिस्क फ्रिजरमध्ये ठेवली की चालते, असे कोणीतरी सांगते. थंड डिस्क बाहेर काढली की आत दव जमते आणि उरलेसुरले जाते. स्क्रू काढून आत पाहू नका, आपल्या खोलीतली हवाच तिला मारते.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे येऊ. दुकानदार "डिस्क गेली" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की डिस्क चालत नाही. कधी बाहेरची पट्टी जळालेली असते आणि तबकड्या शाबूत असतात. कधी हेड निकामी झालेले असते आणि लिहिलेले तसेच असते. कधी कॉम्प्युटरचा दुसराच भाग बिघडलेला असतो आणि डिस्क ठीक असते. तेव्हा आधी ती डिस्क काढून घ्या, दुकानात सोडू नका. दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून एकदा पाहायला सांगा. दिसली तर आवाजाची फाइल आधी उतरवून घ्या. दिसली नाही किंवा आवाज करू लागली तर थांबा. मुंबई-पुण्यात डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळा आहेत, तिथे स्वच्छ खोलीत डिस्क उघडतात. खर्च हजारो रुपयांत जातो आणि हमी नसते, म्हणून तपासणीची फी आणि पूर्ण खर्च आधी लेखी घ्या. तबकडी खरवडली गेली नसेल तर, इन्शाअल्लाह, अब्बांचा आवाज आत आहे.

मग पेन ड्राइव्ह, सीडी चालेल का?

पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, मोबाइल आणि नव्या लॅपटॉपमधली एसएसडी यांत तबकडी नसते. तिथे मजकूर विजेच्या भाराच्या रूपाने चिपमध्ये साठवतात. धक्क्याची भीती कमी. पण वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास तो भार हळूहळू झिरपतो, आणि बिघडली तर परत मिळवणे कित्येकदा हार्ड डिस्कपेक्षा अवघड. पंधरा-वीस वर्षांपूर्वी लग्नाच्या सीडी-डीव्हीडी मिळत. त्यांचा रंगाचा थर विटतो आणि आजच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. घरात अशा सीडी असतील तर या महिन्यातच त्या उतरवून घ्या.

उर्दू आणि मराठी मजकुराचे आणखी एक दुखणे आहे. जुन्या इनपेजमध्ये लिहिलेले उर्दू किंवा युनिकोड येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले मराठी आज उघडले तर कधी अर्थहीन चिन्हेच दिसतात. फाइल शाबूत, पण वाचणारा नाही. दादांच्या गझला, मदरशाचा अहवाल, जमातीचे हिशेब असे काही जुन्या फॉन्टमध्ये असेल तर त्याची पीडीएफ करून ठेवा आणि एक छापील प्रतही काढा.

कागद टिकला, डिस्क का टिकत नाही?

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. म्हणून आपल्याकडचे जुने महसुली कागद पुष्कळसे उर्दूत आणि काही मोडीत आहेत. २०२३ साली आपल्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीहून मराठा आरक्षणाचे आंदोलन उभे राहिले आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. त्या वेळी निजामकाळातले दस्तऐवज बाहेर निघाले आणि ते वाचण्यासाठी उर्दू व मोडी जाणणारी माणसे शोधावी लागली. आरक्षणाचा वाद हा या सदराचा विषय नाही. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट ही की कित्येक दशके कपाटात पडून राहिलेला कागद, उर्दू येणाऱ्या माणसाच्या हाती येताच बोलू लागला. त्याला वीज लागली नाही, वायर लागली नाही.

हार्ड डिस्क असे करू शकत नाही. कागद ठेवला की टिकतो. डिस्क ठेवली म्हणजे टिकली असे होत नाही. तिच्यातला मजकूर दर काही वर्षांनी पुढच्या डिस्कवर नेत राहिले तरच टिकतो. पण कागदाचाही एक शत्रू आहे, आणि तो म्हणजे एकटेपणा. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. पाच जणांचे प्राण गेले, वरचे मजले जळाले आणि फायलींचे ढीग राख झाले. ज्या कागदांच्या नकला दुसरीकडे होत्या त्यांचे काम पुढे चालू शकले. ज्यांच्या नव्हत्या ते गेले. कॉम्प्युटरलाही हाच नियम. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा केंद्रात आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली साठवणारी ८५८ टेराबाइटची व्यवस्था जळाली आणि तिची नक्कल बाहेर कुठेच नव्हती. इतका पुढारलेला देश, पण सगळे एकाच जागी ठेवलेले.

आपल्याला हा धडा कोरियाकडून शिकण्याची गरज नव्हती. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी हजरत अबू बक्र (रजि.) यांना सुचवले की कुरआन एकत्र लिहून घ्यावे. हे काम हजरत जैद बिन साबित (रजि.) यांच्यावर सोपवले गेले. लोकांच्या छातीत कुरआन होते, तरी त्यांनी लिहिलेले मागितले. लिहिलेले मिळाले, तरी साक्षीने ताडून घेतले. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात नकला तयार करून वेगवेगळ्या शहरांना पाठवल्या गेल्या. आपल्या ग्रंथाची हिफाजत अल्लाहने स्वतःच्या जिम्म्यावर घेतली आहे, तरीही सहाबांनी साधने सोडली नाहीत. एकाहून अधिक नकला, एकाहून अधिक प्रकार, एकाहून अधिक ठिकाणे आणि ताडून पाहणे. आज कॉम्प्युटरचे जाणकार बॅकअपबद्दल जे सांगतात त्यात याहून वेगळे काही नाही.

घरात काय करायचे?

पहिले, तीन नकला. एक कॉम्प्युटरमध्ये किंवा मोबाइलमध्ये, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी घराबाहेर. घराबाहेरची नक्कल इंटरनेटवर असू शकते किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीच्या कपाटात. गुगलवर १५ जीबी जागा फुकट मिळते, पण दोन वर्षे खाते वापरलेच नाही तर कंपनी ते काढून टाकू शकते, हे ध्यानात ठेवा. आधार, मार्कशीट यांसारखे कागद शासनाच्या डिजिलॉकरमध्येही ठेवता येतात. ते २०१५ पासून चालू आहे.

दुसरे, सगळेच जपायला निघालात तर काहीच जपले जात नाही. आधी एक छोटा फोल्डर करा. त्यात निकाहनामा, जन्म-मृत्यूचे दाखले, सातबारा, घराची खरेदीखते, पासपोर्ट, मुलांच्या सनदी, ट्रंकेतल्या उर्दू कागदांचे स्कॅन, बुजुर्गांचे निवडक फोटो आणि आवाज. हे सगळे मिळून दोन-चार जीबीच्या वर जात नाही. फायलींना नाव आणि साल द्या, म्हणजे तुमच्यानंतर उघडणाऱ्याला कळेल. मूळ कागद मात्र स्कॅन केले म्हणून फेकू नका.

तिसरे, फोटो व्हॉट्सअॅपवर साधे पाठवले तर ते लहान होऊन जातात. जपायचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

चौथे, डिस्क पाच वर्षांची झाली की तिच्यावर एकटीवर भरवसा ठेवू नका. नवीन घ्या, सगळे उतरवा, जुनी दुसरी नक्कल म्हणून ठेवा. डिस्कवर खरेदीचे साल लिहून चिकटवा.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, ताडून पाहा. हाफिज कितीही पक्का असला तरी तो दौर करत राहतो आणि तरावीहमध्ये त्याच्या मागे सामेअ उभा असतो. डिस्कचाही दौर हवा. जकातीचा हिशेब वर्षातून एकदा करतो, त्याच दिवसांत डिस्क जोडा, दहा-वीस फायली उघडून पाहा, आवाज ऐका, वर्षभराचे नवे फोटो भरा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली रक्कम. आहे असे आपण समजतो, इतकेच.

हे काम घरातल्या नववी-दहावीच्या मुलीला किंवा मुलाला सोपवा. त्यांना ते आपल्यापेक्षा लवकर जमते, आणि दादा-दादींचे फोटो नावानिशी लावताना कोण कोणाचे हेही त्यांना कळते. त्यासाठी त्यांच्याजवळ बसून नावे सांगायला बुजुर्ग हवेत, आणि ते आज आहेत. फोटोमागचे नाव कुठल्याच डिस्कवर नसते, ते त्यांच्याच आठवणीत असते. म्हणून डिस्क विकत घ्यायला उशीर झाला तरी चालेल, त्यांना विचारायला उशीर करू नका.